विंगेतून आईला पाठवलेलं नाटक

ओमानमध्ये, मस्कतजवळच्या रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात, माझं काम कागद सांभाळायचं होतं. नकाशे, तपासणीचे दाखले, ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार. कोणता कागद कधी आला, कुणाकडे गेला, आता कपाटात आहे की साहेबांच्या टेबलावर पडून आहे, हे कुणीही विचारलं की मी सांगायचं. कंपनीच्या बसमधले फिटर आणि वेल्डर मला 'कागदराव' म्हणत. त्यात टोमणा थोडा होता, माया जास्त होती. मला ते नाव आवडायचं. माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत पोती उचलत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कागदांनीच मला त्या बसमध्ये आणून बसवलं होतं.

कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आम्हाला एक आयरिश एकांकिका होती. शंभर वर्षांपूर्वीची, आयर्लंडच्या एका बेटावर घडणारी. एका आईचे मुलगे एकामागून एक समुद्रात जातात, एवढंच त्यात घडतं. आमच्या वर्गात समुद्र पाहिलेलं कुणी नव्हतं. शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला गावाबाहेरच्या पाझर तलावावर नेलं, बांधावर बसवलं आणि सांगितलं, "हा पलीकडचा काठ पुसून टाका. आता ऐका." आणि ते अर्थ सांगत वाचू लागले. इंग्रजीतलं एखादं पान मला आतपर्यंत कळलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. त्या सरांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. इथे लिहून ठेवतो.

मस्कतला आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. बसमधल्या एकाने मराठी मंडळाचा पत्ता दिला. दर शुक्रवारी संध्याकाळी रुवीतल्या एका घरी नाटकवाचन असे. ते घर काका-काकूंचं. नात्याने ते माझे कुणी नव्हते, मंडळातली सगळीच लहान माणसं त्यांना तसं म्हणत. काका एका बांधकाम कंपनीत अभियंता होते आणि पंचवीस-तीस वर्षं मंडळाची नाटकं बसवत होते. काकू शाळेत मराठी शिकवायच्या. वर्गातली मुलं आपसात इंग्रजीत बोलत आणि काकूंनी विचारलं की मराठीत अडखळत. काकू घरी येऊन त्यांची नक्कल करत, पण त्या नकलेत राग नसे.

पहिल्याच शुक्रवारी, काहीतरी बोलायचं म्हणून, मी त्या एकांकिकेचा विषय काढला. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं.

"ती? मी केलीये ती. आईचं काम. ह्यांनीच मराठीत केली, कोकणात आणून."

"खरंच?"

"खरंच काय! सगळे मुलगे बुडवले मी आणि घरी येऊन पंधरा माणसांना पिठलं-भात वाढला." त्या हसल्या. "एकदाच केलं रे. एकच प्रयोग. मग मुलगी झाली, शाळा लागली. पुढे आपलं हे." त्यांनी पोळी तव्यावर टाकली.

पुढची दोन वर्षं मी बहुतेक शुक्रवारी त्यांच्याकडे जेवलो. ऑफिसात पाठवायच्या इंग्रजी पत्रांचे मसुदे काका जेवणानंतर तपासून देत. चूक दाखवताना कधी हसले नाहीत. मग काकूंना आजार झाला आणि तो लांबला नाही. त्या गेल्या तेव्हा मी सुट्टीवर गावाकडे होतो. परत आलो तर दार काकांनी उघडलं आणि "जेवलास का?" हा प्रश्न त्यांनी विचारला. आजवर तो नेहमी काकू विचारायच्या.

त्यानंतर साधारण दीड वर्षाने मला आयर्लंडच्या एका नाट्यसंग्रहाची वेबसाइट सापडली. मी सहज त्या एकांकिकेचं नाव टाकून पाहिलं होतं. तिचे जगभर झालेले प्रयोग एकेक करून तिथे नोंदवलेले होते. प्रत्येक प्रयोगाला वेगळं पान. कुठे झाला, कुणी बसवला, कोण होतं. खाली जे जपलं गेलं ते: फोटो, छापील कार्यक्रमपत्रिका, खुणा केलेली संहिता, एके ठिकाणी फक्त शालीच्या कापडाचा तुकडा. माझ्यातला कागदराव हरखून गेला. कुणीतरी कुठेतरी असंही काम करतं!

लॅपटॉप घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा बदलला आणि एकेक पान बघत गेले. जपान. घाना. बंगालीतला एक प्रयोग. प्रत्येक पानावर आईचं काम करणाऱ्या बाईचं नाव ते हळू आवाजात वाचायचे. शेवटी म्हणाले, "आपलं कुठाय?"

मी यादीच्या शेवटापर्यंत जाऊन दाखवलं.

"नसणारच. आपण कुठे काय ठेवलंय." मग म्हणाले, "तिचं नाव मंडळाच्या स्मरणिकांमध्ये आहे, माहितीये? दरवर्षी आहे. अल्पोपाहार समितीत."

काकांची निवृत्ती ठरलेली होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी व्हिसा रद्द करून ते मुलीकडे कोल्हापूरला कायमचे जाणार होते. मी संग्रहाला लिहिलं. माझं ते पत्र नेहमीप्रमाणे काकांनी तपासलं. उत्तर आलं: तुमच्या प्रयोगाचं पान जरूर करू, मात्र त्या प्रयोगातलीच एखादी वस्तू हवी. फोटो, पत्रिका, आवाज, काहीही. नुसत्या आठवणीवर नोंद करत नाही.

मला त्यांचं पटलं. मीही ऑफिसात तोंडी सांगितलेलं नोंदवत नसे.

पण वस्तू आणायची कुठून? काकांकडे एक ट्रंक होती, तीत सगळं होतं. ते पूर्वी तळमजल्यावर राहत. इथे कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात. वर्षभर त्यात गाड्या लावतात, मुलं क्रिकेट खेळतात. एका मोठ्या वादळात ती वादी भरून वाहिली आणि तळमजल्याच्या घरांत शिरली. ट्रंकेतून नंतर निघाला तो लगदा. प्रयोगाचे फोटो रुवीशेजारच्या हमरियातल्या एका स्टुडिओने काढले होते. तिथे गेलो तर मोबाइलचं दुकान. "स्टुडिओ? भाई, मेरे से पहले भी यहाँ दर्जी था," दुकानदार म्हणाला. त्या वेळचे नट आता पुण्यात, नाशकात, एक तर कॅनडात. सगळ्यांना फोन केले. सगळ्यांना काकूंचं काम आठवत होतं. फोटो कुणाकडेच नव्हता.

काका घर आवरायला लागले होते. माझ्या समोर पुस्तकं खोक्यांत भरायचे आणि मी काही सांगेन का म्हणून मधेच माझ्याकडे बघायचे. नंतर नंतर ते बघेनासेही झाले. मला ते जास्त लागलं.

एका शुक्रवारी खोक्याला दोरी बांधताना ते म्हणाले, "गाठ बघ कशी घट्ट बसली. ही मला जाळेवाल्याने शिकवली."

"कोण जाळेवाला?"

"अरे, आपल्या नाटकात मागे जाळं टांगलं होतं. खरं. एका रत्नागिरीकडच्या पोराने दिलं होतं, मुसलमान होता, मत्रहच्या बाजारात काम करायचा. जाळं फाटेल म्हणून पूर्ण प्रयोगभर विंगेत राखण करत बसला होता." त्यांनी दोरी खाली ठेवली. "अजून असेल का इथे?"

तो होता. मला तर माहीतही होता. हमरियात कोकम, सुकट आणि मालवणी मसाला मिळणाऱ्या छोट्या दुकानातले रत्नागिरीकडचे चाचा, आधी मत्रहच्या बाजारात असलेले, म्हणजे तोच. आमच्या कंपनीच्या कामगार-कॅम्पमधली अर्धी माणसं त्यांचे गिऱ्हाईक. आम्ही तसेच उठून गेलो. काकांना बघून चाचा गल्ल्यामागून बाहेर आले.

"साहेब! किती वर्सांनी! बाई बऱ्या हायत ना?"

काकांनी सांगितलं. चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली, दोन्ही हात पुढे धरून तोंडातल्या तोंडात दुवा म्हटली, मग स्टूल पुसून काकांना बसवलं.

मी फोटोचं विचारलं. "फोटो नाय रे," ते म्हणाले. "माझ्याकडे कुठला तेव्हा कॅमेरा! टेप व्हती."

"कसली टेप?"

"आईला धाडायची टेप. तिला वाचता नाय यायचं. मग आम्ही सगळेच टेप धाडायचो ना घरी. अर्धा तास बोलायचं, कोण गावी जाणारा आसंल त्याच्या हातात द्यायची. त्या दिवशी काय बोलायचं ते सुचंना. म्हटलं, नाटकच ऐकव. मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला मी विंगेत."

काका स्टुलावरून उठलेच. "ती टेप आहे?"

"आई तर गेली. बहीण हाय गावात. ती काय टाकायची नाय, आईचं काय पण टाकायची नाय. पण वाळवी, पाऊस... इन्शाल्ला आसंल." आणि त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून बहिणीचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "एवड्या वर्सांनी टेप कसली मागतोस? लगीन करतोयस काय दुसरं?"

टेप होती. आईच्या कपड्यांच्या पेटीत, इतर टेपांबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. पण येणार कशी? कुरियरला द्यायची काकांची तयारी नव्हती. "हरवली तर?" एवढंच ते म्हणाले आणि मला त्यांना समजावता येईना. शेवटी जुन्याच पद्धतीने झालं. चाचांचा भाचा सुट्टी संपवून परत येणार होता. जशी टेप त्या काळी कुणाच्या तरी हाताने गेली होती, तशीच कुणाच्या तरी हाताने परत आली, तांदळाच्या पिठाच्या डब्यात खुपसलेली. काकांच्या विमानाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते.

रुवीत लग्नाच्या जुन्या टेपा संगणकावर चढवून देणारा एक जण होता. त्याने आधी कॅसेटचं बाहेरचं कवच बदललं, फीत हाताने पुढेमागे फिरवली. मी समोर बसून राहिलो. त्याने कानाला लावलेले हेडफोन काढले आणि म्हणाला, "साब, ड्रामा तो ठीक है, लेकिन एक आदमी बीच बीच में बोले जा रहा है. काट दूँ?"

स्वच्छ प्रत मिळाली तर कुणाला नको? संग्रहाला प्रयोग हवा होता, गप्पा नको होत्या. तरी मी म्हटलं, "अभी रहने दो." ती टेप माझी नव्हती.

त्या शुक्रवारी दुपारी, नमाज आटोपून, चाचा काकांच्या घरी आले. कप खोक्यांत गेले होते, चहा स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो. भिंती रिकाम्या होत्या, त्यामुळे आवाज घुमायचा. लॅपटॉप एका खोक्यावर ठेवला आणि मी सुरू केलं.

आधी खरखर. मग घंटा. मग अगदी जवळून, कानात सांगितल्यासारखा एका तरुण पोराचा आवाज: "आई, आता पडदा वर गेला. मागं आपलं जाळं दिसतंय बग. आपलं हाय ते!"

चाचांनी कपाळावर हात मारला.

मग लांबून संवाद ऐकू येऊ लागले. काका पुढे वाकले. एका मुलीचा आवाज, दुसऱ्या मुलीचा. मग एक थकलेला, जाड आवाज. मला तो ओळखू आला नाही. काकांनी मात्र लगेच बोट वर केलं.

नेमकं तेव्हाच पुन्हा: "आई, ही म्हातारी बग. खरी म्हातारी नाय हां. साहेबांची बायको हाय, जवान हाय. पावडर लावलीय केसांना."

"अरे गप की जरा!" काका लॅपटॉपवर ओरडले.

"माफ करा साहेब," समोर बसलेले साठीचे चाचा म्हणाले. "तेव्हा अक्कल नव्हती."

असंच चालू राहिलं. काकू बोलायला लागल्या की पोरगा आईला काहीतरी समजावायचा. आता मुलगा चालला. आता ही त्याला नको म्हणते. होडीची दोरी कुणी अशी बांधतं काय, यांना काय माहीत. मधे एकदा, "ए, जाळ्याला हात नको लावूस," असं कुणा बॅकस्टेजवाल्याला दटावणं. काका चिडायचे, हसायचे, पुन्हा चिडायचे. मी मनात हिशेब करत होतो की हे सगळं कापलं तर काकूंचं किती उरेल.

मग शेवट आला. शेवटच्या मुलाला घरात आणलेलं आहे आणि आई बोलते आहे. पोरगा बोलायचा थांबला. काकूंचा आवाज एकटाच येत राहिला. त्यात रडणं नव्हतं. पोळ्या लाटताना बोलायच्या तशाच त्या बोलत होत्या, फक्त खूप हळू. माझ्या सरांनी तलावाच्या बांधावर पुसायला लावलेला तो पलीकडचा काठ मला आठवला. काकांनी चष्मा काढून हातात धरला होता.

टाळ्या झाल्या. त्या ओसरल्यावर, फीत संपायच्या जरा आधी, तो तरुण आवाज पुन्हा आला. "आई, तू रडू नको हां. मी समुद्रावर नाय जात. मी दुकानात हाय. खोटं नाय सांगत. दुकानात हाय मी."

आणि खट् करून बंद.

चाचा खाली बघत होते. तसेच म्हणाले, "बाप आमचा समुद्रात गेला. आई मला सोडायला तयार नव्हती. तिला वाटायचं, मस्कत म्हणजे बंदर, हा बोटीवर असणार."

मी लॅपटॉप मिटला. मग मीच विचारलं, कारण ते मलाच विचारायला हवं होतं, "चाचा, संग्रहाकडे पाठवायचं तर तुमचा आवाज कापता येईल. टेप म्हणजे तुमचं पत्र आहे. तुम्ही सांगाल तसं."

"काप, काप. लोकं हसतील. नाटकात कुणी आसं बोलतं काय!"

"थांब," काका म्हणाले. ते चाचांकडे वळले. "त्या दिवशी हॉलमध्ये सगळे आमचे मित्रच होते. तिने काम कसं केलं हे मला आजवर कुणी खरं सांगितलं नाही. सगळे म्हणाले छान झालं. तू शेवटी गप्प बसलास. आणि मग आईला म्हणालास रडू नको." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ते राहू दे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी."

चाचांनी पेला खाली ठेवला. "बहिणीला इचारतो," म्हणाले.

बहिणीचा निरोप दोन दिवसांनी आला. मी दुकानात गेलो तेव्हा चाचा कोकम तोलत होते. न बघताच म्हणाले, "ठेवा म्हणते. म्हणते, आईने ती टेप सगळ्या वाडीला ऐकवलीय, आता लपवतोस कुणापासून!" मग वजन उतरवून, जरा लाजत: "एक सांगायचं व्हतं. तिथं कुणी काय काय केलं ते लिवतात ना?"

"लिहितात."

"मग जाळं माझं व्हतं, ते लिव."

मी संपूर्ण टेप लिहून काढली, काकूंचे संवाद आणि चाचांचं बोलणं दोन्ही, आणि त्याचं इंग्रजी केलं. 'आपलं हाय ते' या तीन शब्दांवर मी आणि काका एक पूर्ण संध्याकाळ बसलो. त्यांनी मला तपासून दिलेलं ते शेवटचं इंग्रजी. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेन्सिल माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "यापुढे तुझं तू बघायचं. येतं तुला." विमानतळावर चाचाही आले होते, सुकटीची पिशवी घेऊन. काका म्हणाले, सगळ्या विमानाला वास येईल. चाचा म्हणाले, येऊ दे, कळू दे कोण चाललंय ते.

पान झालं तेव्हा पावसाळा संपत आला होता. अर्थात कोल्हापूरचा. मस्कतला नेहमीचं ऊन. मी दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या जिन्यावर बसून ते उघडलं. जपान आणि घानासारखंच साधं पान. ठिकाण, भाषा, दिग्दर्शक. आईची भूमिका, आणि पुढे काकूंचं पूर्ण नाव. त्याखाली, जाळं: आणि चाचांचं नाव. जपलेल्या वस्तू: एक ध्वनिफीत. माझंच वाक्य त्यांनी जसंच्या तसं घेतलं होतं, की मधे ऐकू येणारा दुसरा आवाज विंगेतल्या एका प्रेक्षकाचा आहे आणि तो आपल्या आईशी बोलतो आहे.

काकांना पानाची लिंक पाठवली आणि फोनची वाट बघत बसलो. बस सुटायच्या वेळेला फोन आला. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. पण ते नुसतं वाचू लागले. मुलीच्या घरी, त्या दिवशी जपान आणि घानातल्या बायकांची नावं वाचली होती तसं, फक्त या वेळी मोठ्याने. काकूंचं नाव, माहेरच्या नावासकट, त्यांनी पूर्ण वाचलं. मग चाचांचं. मागून त्यांची मुलगी विचारत होती, "बाबा, जाळं म्हणजे? कुणाचं जाळं?"

"सांगतो," ते तिला म्हणाले. मग मला, "जेवलास का रे?"

बसमधून कुणीतरी हाक मारली, "ओ कागदराव, यल्ला, चला!" मी हो म्हटलं. दोघांनाही.